कर्नल सरांनी हात न लावलेला फोन

आमच्या शाळेतल्या हिंदीच्या सरांशी फोनवर बोलायचं असेल तर आधी शिपायाला फोन लावावा लागे. सरांकडे फोन नव्हता असं नाही. दोन होते, कधीकधी तीन. पण एकाचा आवाज गेलेला असे, दुसरा सुरू होता होता पुन्हा बंद पडत असे आणि तिसऱ्यात नुकतंच काहीतरी ‘टाकलेलं’ असल्यामुळे त्याला हात लावायचा नसे. तिन्ही एकाच वेळी धड चालू आहेत असा दिवस मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. त्याबद्दल विचारलं की सर म्हणायचे, "बोलायला काय, कुठलाबी फोन चालतो की बाई. ह्येचा वेग बघा."

वेग आम्ही बघत होतो. फोन न लागण्याचं काम तो खरोखरच फार वेगानं करत असे.

ही शाळा कर्नाटकातल्या निपाणीतली, मराठी माध्यमाची. मी तिथं गणित शिकवते. सर हिंदी शिकवायचे, म्हणजे तिसरी भाषा, म्हणजे जिच्यात कुणी नापास होत नाही आणि जी कुणाला येतही नाही. मूळचे बेळगावजवळच्या हिंडलग्याचे, तुरुंगाच्या गावचे. तुरुंगाच्या भिंतीजवळ वाढलेल्या माणसाला कुलूप दिसलं की ते उघडावंसं वाटत असेल, असं माझं बरेच दिवस मत होतं. पण हिंडलग्यातली बाकीची माणसं भात लावतात, बेळगावला नोकरीला जातात आणि रात्री दाराला कुलूप घालून झोपतात. तेव्हा ते मत मी सोडून दिलं. दोष गावाचा नव्हता.

सरांचं तत्त्वज्ञान तसं साधं होतं. फोन विकत घेतो आपण, पण आत राज्य चालतं कंपनीचं. नको असलेली ॲप्स ती घालून ठेवते आणि काढू देत नाही. दोन-तीन वर्षं नवी आवृत्ती पाठवते, मग तोंड फिरवते, की चांगला धडधाकट फोन एका दिवसात म्हातारा ठरतो. म्हणून कंपनीनं आत घातलेलं कुलूप उघडायचं, तिचं सगळं उपसून काढायचं आणि जगातल्या हौशी मंडळींनी फुकट तयार केलेलं अँड्रॉइड आत बसवायचं. त्याला रॉम म्हणायचं. हे सगळं मला पटत असे. तत्त्वज्ञान पटतंच, अडचण येते ती फोन सुरू करताना.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट होती, तिला सर ‘कर्नल’ म्हणायचे. शब्द इंग्रजी, अर्थ गाभा. पण आमच्या भागात ज्याच्या घरातलं, भावकीतलं किंवा शेजारचं कुणी लष्करात नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि अशा माणसांना कर्नल म्हणजे एकच ठाऊक: खांद्यावर चिन्हं असलेला आणि ज्याच्यासमोर टाच आपटावी लागते असा. सरांना याची पर्वा नव्हती. ते समजावून सांगायचे, की शाळेच्या भिंतीचा रंग, फलक, गॅदरिंगची पताका हे सगळं म्हणजे रॉम, आणि शिपाई म्हणजे कर्नल. घंटा तो देतो, पाणी तो सोडतो, कुठल्या वर्गाला कुठली खोली हे त्यालाच माहीत असतं. हेडमास्तर बदलले तर सत्कार होतो, शिपाई बदलला तर शाळा बंद पडते. हे ऐकून शिपाई खूश व्हायचा आणि सरांना चहा आधी मिळायचा. हेडमास्तर खूश व्हायचे नाहीत. पोरांनी एवढं सगळं ऐकून फक्त एक शब्द उचलला आणि सरांना ‘कर्नल सर’ केलं. बारीक अंगाचा, शर्ट बाहेर सोडलेला, पायात चपला, असा कर्नल जगातल्या कुठल्याही सैन्यानं पाहिला नसेल.

या शब्दानं त्यांना एकदा चांगलंच गोत्यात आणलं होतं. आमचं बेळगावला प्रशिक्षण होतं. ते संपल्यावर सरांनी हिंडलग्याला घरी चहाला चला असा आग्रह धरला. आम्ही लष्कराच्या कॅम्पातून जाणारी सिटी बस धरली. बसमध्ये सरांना त्यांच्या एका शिष्याची आठवण झाली. त्यांचे असे शिष्य गावोगावी होते, आणि सगळे कायम संकटात असत. सरांचे स्वतःचे फोन बोलण्याच्या अवस्थेत नसल्यामुळे त्यांनी माझा घेतला आणि छावणीच्या मधोमध, भरल्या बसमध्ये, मोठ्यानं सल्ला सुरू केला. जुना कर्नल उडवून टाक. दया करू नको. तो घाबरला असंल, तो घाबरला की सगळं बसतंय. माझ्याकडं दुसरा हाय, आपल्या ऐकण्यातला हाय, उद्या त्यो बसवू.

पुढच्या सीटवरचे पांढऱ्या मिशीचे गृहस्थ सावकाश वळले. ते निवृत्त सुभेदार होते, हे त्यांनी न सांगताच कळत होतं. त्यांनी फक्त विचारलं, "कुठल्या युनिटचा?"

पुढच्या थांब्यावर आम्ही तिघे उतरलो. सुभेदारांनी सरांना एका झाडाखालच्या कट्ट्यावर बसवलं, स्वतः उभे राहिले आणि खुलासा मागितला. सरांना इतका लक्ष देणारा विद्यार्थी नोकरीत कधी मिळाला नव्हता. त्यांनी पूर्ण तास घेतला. रॉम, शिपाई, कर्नल ‘घाबरणं’ म्हणजे फोन अडकणं, कंपनीचा जुलूम, काही सोडलं नाही. शेवटी सुभेदारांनी खिशातून स्वतःचा फोन काढला आणि तो लई गरम होतोय, त्याचं काय करता येईल का, असं विचारलं. सरांनी तो तिथंच ठेवून घेतला. पुढं त्या फोनचं काय झालं मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की त्यानंतर सर हिंडलग्याला जाताना कॅम्पातली बस टाळून लांबच्या वाटेनं जाऊ लागले.

फोन कायमचा बंद पडला की या धंद्यातले लोक त्याची ‘वीट झाली’ म्हणतात. कारण त्यानंतर तो भिंतीतच बसवण्याच्या लायकीचा उरतो. सर हा शब्द हळहळत उच्चारायचे, कुणाला देवाज्ञा झाल्यासारखा. आम्हा बाकीच्यांना मात्र वीट फोन बंद पडण्याच्या बऱ्याच आधी आलेला असे.

तरी मीसुद्धा एकदा बळी पडलेच. माझा फोन मंदावला होता आणि नवा घ्यायची माझी तयारी नव्हती. सरांनी तो नेला. परत दिला तेव्हा तो खरंच चपळ झाला होता, हे कबूल करायला हवं. फक्त कॅमेऱ्यात सगळी माणसं निळसर दिसत होती, आमचे हेडमास्तर तर समुद्रमंथन आटोपून आल्यासारखे. आणि आतलं सगळं गेलं होतं. पुतण्याच्या बारशाचे फोटो, दहावीच्या प्रश्नपत्रिका, दुधवाल्याचा नंबर. मी विचारलं तर सरांनी शांतपणे सांगितलं, की कंपनीचं कुलूप उघडलं की फोन आतलं सगळं पुसून टाकतो, तो नियमच आहे; आणि नाही तरी नव्या घरात जुनं सामान कशाला न्यायचं? हे वाक्य ते सगळ्यांना ऐकवत. लोकांना ते अध्यात्म वाटायचं. पुतण्या जागच्या जागी होता, म्हणून मी वाद घातला नाही.

गंमत अशी, की स्वतःच्या आयुष्यात या माणसानं एक खिळाही हलवू दिला नाही. शिक्षकखोलीत पंख्याखालची खुर्ची त्यांची. ती एकदा कुणीतरी खिडकीशी सरकवली, तर सर आठवडाभर ग्रंथालयात बसले. हिंदीच्या टिपणांचे कागद पिवळे होऊन कडा झडल्या, पण धड्यांचा क्रम बदलल्याचं त्यांनी मानलं नाही. पुस्तकातून गेलेला एक धडा ते दरवर्षी इमानानं शिकवत राहिले. जगात बदलण्यासारखी वस्तू त्यांना एकच दिसत होती, आणि ती नेहमी दुसऱ्याच्या खिशात असायची.

त्यांनी बदललेल्या प्रत्येक फोनच्या पाठीवर ते एक गोल हिरवा स्टिकर लावत. त्यावर एकच शब्द छापलेला: ‘मुक्त’. हे स्टिकर त्यांनी पत्रिका छापणाऱ्याकडून मुद्दाम करून घेतले होते. हळूहळू शिक्षकखोलीतल्या टेबलावर पालथे ठेवलेले सगळे फोन हिरवे टिळे लावून बसू लागले. एकच राहिला. तो आक्काचा.

आक्का म्हणजे आमच्या मराठीच्या बाई. वयानं माझ्याएवढ्याच, पण सगळी शाळा त्यांना आक्काच म्हणायची, हेडमास्तरसुद्धा. बोरगावहून रोज एसटीनं यायच्या. लग्न मोडून माहेरी परतलेल्या, आई-वडिलांचं दोघांचंही अखेरपर्यंत यांनीच केलं. सरांनी त्यांच्या फोनसाठी हरप्रकारे प्रयत्न केले. आक्कानं दर वेळी एकच उत्तर दिलं, की माझा फोन मला पुरतोय, तुम्ही त्याला शिकवायला जाऊ नका. सरांना हे फार लागलं. एक फोन बाकी असताना त्यांचं राज्य पुरं होत नव्हतं. मग एके दिवशी आक्का वर्गावर असताना त्यांनी काय केलं, तर फोनला हात न लावता नुसता स्टिकर लावून टाकला. आक्कानं तो पाहिला आणि काढला नाही. पाठीवर एक ओरखडा होता, तो झाकला गेला, एवढाच त्यांनी विचार केला. आणि सरांनी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं, की आमच्या शाळेत कंपनीच्या ताब्यातला एकही फोन उरलेला नाही.

हा पोरकटपणा तिथंच संपायचा. पण आक्काचा थोरला भाऊ लष्करातून निवृत्त होऊन गावी आला.

वडील हयात असताना घरात बसून तोंडी वाटणी झाली होती. शेत दोघा भावांना, राहतं घर आक्काला. कागद कुणी केला नाही. घरच्या घरी कसला कागद, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटतं. वडिलांना कमी ऐकू यायचं आणि कोण काय म्हणालं हे ते नंतर दहादा विचारायचे. ते त्यांना मोठ्या आवाजात ऐकवता यावं म्हणून आक्कानं ते बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्यात थोरल्याचा आवाज स्वच्छ होता: घर आक्काला, माझं काय म्हणणं न्हाय. वडील गेले, थोरला परतला आणि त्याचं म्हणणं निघालं. अशी वाटणी झालीच नाही, आक्कानं घर खाली करावं, म्हणून त्यानं दावा लावला. धाकटा भाऊ दोघांच्या बाजूनं होता, म्हणजे कुणाच्याच नव्हता.

आक्काकडे पुरावा म्हणून होतं ते एवढंच रेकॉर्डिंग. त्यांच्या वकिलांनी मूळ फोनच कोर्टात हजर केला. थोरल्याच्या वकिलांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि हे हिरवं काय आहे म्हणून विचारलं. आक्का खोटं बोलायला कधी शिकल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, "ते आमच्या सरांचं हाय. ते सगळ्यांचे फोन आतनं बदलत्यात."

त्या एका वाक्यावर घर जायची वेळ आली. पुढच्या तारखेला वकिलांनी सरांची ग्रुपवरची घोषणाही छापून आणली. ज्या फोनचं आतलं सगळं बदललेलं आहे, त्यातला आवाज खरा कशावरून, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा चांगला होता. मी वकील असते तर मीही तोच काढला असता.

आता सरांनी साक्षीला उभं राहून सांगायला हवं होतं, की तो स्टिकर खोटा आहे. काम एका वाक्याचं. पण मी शिक्षकखोलीत हा विषय काढला, तेव्हा सर पंख्याकडे बघू लागले. फोनला हात लावलेला नाही हे मी सांगतो की, म्हणाले, पण स्टिकर खोटा असं कोर्टात कसं म्हणायचं? गावोगावची पोरं विश्वासानं फोन देतात. एक खोटा म्हटला की बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? मी त्यांना सांगितलं, की बाकीचे खरे आहेत याबद्दल कुणालाही शंका नाही, ते लागत नाहीत यावरूनच कळतं. ते चिडले. मग म्हणाले, स्टिकर चुकून लागला असं सांगू या. म्हणजे चालत आला आणि बसला.

आक्का कोपऱ्यात वह्या तपासत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सर, तुमचा मान ऱ्हावा म्हणून मी घर सोडू व्हय?"

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि सर आपले पिवळे कागद घेऊन, पुस्तकात नसलेला धडा शिकवायला गेले. ते येतील की नाही हे आम्हाला तारखेच्या दिवसापर्यंत कळलं नाही. फोन करून विचारण्याची सोय नव्हतीच.

आले. शर्ट खोचून आले, यावरूनच प्रसंगाचं गांभीर्य त्यांना कळलं होतं म्हणायचं. आम्ही शाळेतले काही जण मागच्या बाकावर होतो. न्यायाधीश धारवाडकडचे होते. त्यांना मराठी कळत असे, बोलत मात्र कन्नडमध्ये. साक्ष मराठीत, टाइप कन्नडमध्ये आणि वकिलांचं भांडण इंग्रजीत, असं आमच्याकडं चालतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

सुरुवात बरी झाली. या फोनमध्ये काही बदल केला का, असं विचारल्यावर सरांनी नाही म्हणून सांगितलं. तिथं थांबले असते तर ते सर कसले? त्यांनी पुढं जोडलं, "ह्यात कर्नलबी कंपनीचाच हाय."

टायपिस्टनं ते टाइप केलं. न्यायाधीशांनी ते वाचलं आणि मान वर केली. "याव कर्नल?" म्हणजे कुठला कर्नल? समोरच्या बाकावर आक्काचा थोरला भाऊ आपोआप ताठ बसला. आक्काच्या वकिलांनी डोळे मिटले.

सरांना मात्र प्रश्न विचारलेला आवडला. तुमची बदली झाली तरी कोर्ट चालतं, असं त्यांनी थेट न्यायाधीशांनाच सांगायला सुरुवात केली. पण दारात उभा राहून नावाचा पुकारा करणारा माणूस आला नाही, तर आत कुणी येणारच नाही, मग तुम्ही निकाल देणार कुणाला? तो माणूस म्हणजे कर्नल. न्यायाधीशांनी दाराकडे पाहिलं. दारातल्या पुकारा करणाऱ्यानं टोपी सारखी केली. विरुद्ध बाजूचे वकील म्हणाले, की हे सगळं ठीक आहे, आता स्टिकरबद्दल बोलू या.

स्टिकर कुणी लावला? मी. का लावला?

इथं सरांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. मी मुद्दाम तोंडावर काही दिसू दिलं नाही. आक्का खाली बघत होत्या.

"स्टाफात तेवढा एकच ऱ्हायलेला," सर म्हणाले. "सगळे झाले असं दिसावं म्हणून लावला."

"म्हणजे हा स्टिकर खोटा आहे?"

"व्हय. आन् ग्रुपवर लिवलेलंबी खोटं."

हे सांगताना त्यांचा आवाज वर्गात असतो त्यापेक्षा बारीक झाला होता. मला वाटलं, संपलं. पण वकील मुरलेले होते. खोटं बोलल्याचं कबूल करणाऱ्या साक्षीदाराचं आजचं तरी खरं कशावरून, असं त्यांनी विचारलं. मग सरांनी दोन्ही फोन सुरू करून बघायला सांगितलं, आक्काचा आणि स्वतःचा. कुलूप उघडलेला फोन सुरू होताना इशारा देतो, की हा फोन भरवशाचा राहिलेला नाही. सरांचा फोन कोर्टात तसं म्हणाला. न्यायाधीशांनी ते वाचलं आणि फोनपेक्षा जास्त वेळ सरांकडे पाहिलं. आक्काच्या फोननं नुसतं कंपनीचं नाव दाखवलं आणि तो सुरू झाला. इतक्या वर्षांत सरांच्या हातात धडपणे सुरू झालेला तो पहिलाच फोन असावा.

वकिलांनी विचारलं, की उघडलेलं कुलूप पुन्हा लावता येत नाही का? कुणीही शहाणा साक्षीदार इथं नाही म्हणाला असता. सर म्हणाले, येतं. कुठल्या फोनमध्ये येतं, कुठल्यात येत नाही, हेही सांगू लागले. आक्काच्या वकिलांनी पुन्हा डोळे मिटले. पण सर थांबले नाहीत. उघडताना आतलं सगळं पुसलं जातं, म्हणाले, आणि परत लावतानाही पुसलं जातं. मी ह्या फोनला हात लावला असता तर हे रेकॉर्डिंग ऱ्हायलंच नसतं. आत हाय, म्हणजेच मी हात लावलेला न्हाय.

वकील हसले. आधी दुसरीकडे काढून ठेवायचं आणि नंतर परत घालायचं, याला बॅकअप म्हणतात ना? तो घेता येतो की नाही?

"येतो," सर म्हणाले.

"मग तुम्ही घेतला असेल."

"मी कुणाचाच घेत न्हाय."

"का?"

सरांनी दोन्ही हात कठड्यावर ठेवले. इतकी वर्षं आम्हाला ऐकवलेलं ते नव्या घराचं आणि जुन्या सामानाचं वाक्य आता येणार, अशी माझी खात्री होती. ते आलं नाही.

"विसरतो," सर म्हणाले. "दर वेळी विसरतो. लोकांचं लई काय काय गेलंय माझ्या हातनं. बाळांचे फोटो गेले, मेलेल्या माणसांचे आवाज गेले. एकाचंबी परत देता आलं न्हाय."

मागच्या बाकावर कुणीतरी हुंकार दिला. कोर्टात तसं करायचं नसतं, पण तो आपसूक आला असावा. आमच्या बाकावर काही ना काही न गमावलेला माणूसच नव्हता. न्यायाधीशांनी टायपिस्टला सावकाश सांगितलं आणि टायपिस्टनं कन्नडमध्ये लिहिलं, की साक्षीदार बॅकअप घ्यायला विसरतो. एवढ्या वर्षांच्या अध्यात्माची सरकारी नोंद झाली. वकिलांनी आणखी काही विचारायचं नसल्याचं सांगितलं.

निकाल लागायला आपल्याकडं जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. रेकॉर्डिंग ग्राह्य धरलं गेलं. शेजारच्या एका वृद्ध बाईंनीही वाटणीचं बोलणं ऐकल्याचं सांगितलं होतं, तेही धरलं गेलं. घर आक्काचं ठरलं. थोरल्यानं अपील केलं नाही. गल्लीत तोंड दाखवायचं असतं.

साक्षीनंतर सरांनी स्टिकर लावणं बंद केलं. फोन बदलणं बंद केलं नाही, एवढा काही चमत्कार झाला नव्हता. फक्त फोन घेताना ते आता आधी सांगू लागले, की आतलं जाईल, मी विसरणार, तुमचं तुम्ही काढून घ्या. त्यामुळे गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. शिष्यांपैकी काहींनी कोर्टातला किस्सा ऐकून त्यांना सोडलं. शिक्षकखोलीच्या फळ्यावर कुणीतरी रोज ‘विसरतो’ एवढंच लिहून टाकायचं. सर ते वाचत आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसत. मी एकदा भूगोलाच्या सरांना विचारलं, की हे लिहिणारा स्वतः कोर्टात उभं राहून एवढं बोलला असता का? भूगोलाचे सर म्हणाले, बाई, लिहिणारा मीच आहे. मग ते बंद झालं.

निवृत्तीच्या आधी काही दिवस सर एक डबा घेऊन शिक्षकखोलीत आले आणि त्यांनी तो आक्कासमोर ठेवला. आक्काचा फोन अजून कोर्टातच होता आणि त्या धाकट्या भावाचा एक फुटका फोन वापरत होत्या. डब्यात नवा फोन होता. कंपनीचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. सरांच्या हातून एखादी वस्तू दुकानातून आली तशी पुढं गेल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. असू दे, म्हणाले, मी बघितलाबी न्हाय.

आक्कानं डबा उलटसुलट केला. मग स्वतःच्या नखानं सील फोडलं, फोन बाहेर काढला आणि सरांच्या हातात दिला.

"घाला तुमचा कर्नल," त्या म्हणाल्या. "ह्यात माझं काय न्हाय. जायचं ते जाऊ दे."

सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. माझा काय संबंध? मग त्यांनी खिशातून वायर काढली. ती त्यांच्याकडे होतीच.

सर आता हिंडलग्याला असतात. काय करतात मला ठाऊक नाही. त्यांचा फोन लागत नाही. तेव्हापासून आक्काचाही लागत नाही. सुट्टीत काही निरोप द्यायचा असला तर उठून बोरगावला जावं लागतं. पण खेप वाया जात नाही. आक्का घरीच असतात.